कृपया बिघड

खोटं बोलायचं असं मी ठरवलं, तेव्हा ते एकाच वाक्याचं होतं. "समता, लॅपटॉप जरा संथ चाललाय गं." एवढंच. त्या एका वाक्यापायी पुढं आम्ही नवरा-बायको चालत्या मशीनसमोर हात जोडून बसू, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी सरळ खरं बोलले असते. (बहुतेक.)

समता आमची एकुलती एक. बेंगलोरला कंपनीत आहे. ती काय काम करते ते मला विचारू नका. मी तिला तीन वेळा विचारलं, तिनं तीनही वेळा नीट समजावून सांगितलं आणि मी तीनही वेळा "असं होय" म्हटलं. पण ती काय मानते ते मला पाठ आहे. ती लिनक्सवाली आहे, म्हणजे कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालवायचा ह्या मताची. दुसऱ्या घरांत पोरी लग्नाला कधी तयार होणार म्हणून आया काळजी करतात. आमच्याकडे एक स्थळ आलं होतं, पोरगा चांगला इंजिनीअर, तर ही पहिलं काय विचारते? "तुम्ही कुठलं वापरता?" तो विंडोज म्हणाला. चहा व्हायच्या आत विषय संपला.

नोकरीला जाताना तिनं तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवला, त्यात लिनक्स घालून, सगळं मराठीत करून. "आई, आता मंडळाची पत्रकं तूच टाईप कर." मी दहावी शिकलेली, इथं निपाणीच्याच मराठी शाळेत. महिन्याभरात विहारातल्या महिला मंडळाची पत्रकं मी दोन बोटांनी टाईप करायला लागले. आमचे हे म्हणजे भीमरत्न, कागलला फौंड्रीत फिटर आहेत. रोज सकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात कामाला जातात आणि संध्याकाळी परत कर्नाटकात जेवायला येतात. त्यांनी सुरुवातीला लॅपटॉप उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "हे फुकट मिळतंय म्हणजे ह्यात काय तर खोट असणार."

"फुकट न्हवं आप्पा, खुलं," समता म्हणाली. "ह्याच्या आत काय लिवलंय ते कुणीबी उघडून बघायचं, दुरुस्त करायचं, दुसऱ्याला द्यायचं. कुणी कुणाला अडवायचं न्हाय."

ह्यांनी लॅपटॉप अलगद सरळ करून खाली ठेवला. मग म्हणाले, "आमचा आज्जा विहिरीपासनं दहा हात लांब घागर घेऊन उभा ऱ्हायचा. कुणीतरी वरनं वाढंल तेवढं पाणी. खुलं म्हणालीस न्हवं? मग हेच ऱ्हाऊ दे घरात." त्या दिवसापासून हे कट्टर लिनक्सवाले आहेत. लॅपटॉप सुरू कुठून करायचा ते त्यांना अजून माहीत नाही.

तर, समता दर रविवारी सकाळी दहाला फोन करते. जेवला काय, गोळी घेतली काय, थंडी पडली काय, बरं ठेवतो. (आमच्या भागात बायकासुद्धा बोलताना ठेवतो, येतो, जातोच म्हणतात. लिहिताना तेवढं ठेवते, येते लिहायचं, असं शाळेत बाईंनी शिकवलंय, म्हणून मी लिहिते.) फोन ठेवल्यावर त्यावर मिनिटं दिसतात. सहा. कधी पाच. एकदा चार दिसली तेव्हा मी दिवसभर विचार करत होते की एक मिनिट कुठलं कमी झालं. मग लक्षात आलं, थंडीचं विचारायचं राहिलं होतं.

जयंतीला एप्रिलमध्ये आली होती, त्यानंतर "पुढच्या महिन्यात येतो" असं सात महिने चाललं होतं. आणि त्याच सात महिन्यांत एकदा लॅपटॉपवर इंटरनेट येईना, म्हणून मी तिला तसं सांगितलं, तर ती पन्नास मिनिटं बोलली! हे दाब, ते उघड, आता काय दिसतंय, नाही आई डावीकडचं, अगं तुझं डावीकडचं. मध्येच हसली. मध्येच "मी लहान असताना तू मला असंच बाराखडी शिकवताना वैतागायचीस न्हवं?" म्हणाली. पन्नास मिनिटं. मी तो आकडा कितीतरी वेळ पुसला नाही.

म्हणून त्या रविवारी, ती "बरं ठेवतो" म्हणायच्या बेतात असताना, मी ते एका वाक्याचं खोटं बोलले.

चाळीस मिनिटं झाली.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, अक्षरं बारीक दिसालीत. पस्तीस. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, त्यातनं घुंऽऽ आवाज येतोय. अठ्ठावीस. (आवाज गिरणीचा होता. पण खिडकी उघडी होती, त्यामुळे पूर्ण खोटं म्हणता येणार नाही.) चौथ्या रविवारी मात्र माझ्याजवळच्या तक्रारी संपल्या. चांगल्या चालत्या वस्तूला नावं तरी किती ठेवणार! तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "आपल्या स्टँडाजवळचा सूरज हाय न्हवं दुकानवाला, तो म्हणतोय, मावशी, ह्यात विंडोज घालून देतो, मग कायच त्रास न्हाय."

पलीकडची टाईप करायची टकटक थांबली. मला वाटलं फोन कट झाला.

"आई," समता म्हणाली, "तू व्हय म्हणालीस?"

"अजून न्हाय."

मग ती सुरू झाली. मी कढई गॅसवरून उतरवली आणि पाटावर बसले. विंडोज म्हणजे भाड्याचं घर, आई. मालक कधीबी येणार, तू जेवत असलीस तरी येणार, म्हणणार बाजूला व्हा, मला भिंत बदलायचीय. मी विचारलं, आणि ते सफरचंदवालं? ते म्हणजे पाहुण्याचा दिवाणखाना, दिसायला लई सुंदर, पण खुर्ची हिकडची तिकडं करायची न्हाय. आणि लिनक्स म्हणजे आपण बांधलेलं घर, जगातल्या हजार लोकांनी हातानं वीट लावलेलं, पगार न घेता. "आई, ह्यात माझी पण एक वीट हाय. मराठीतली वाक्यं बघतीस न्हवं तू, 'बदल जतन करायचे का' वगैरे? त्यातली काही मी लिवलीत. रविवारी बसून."

"तू लिवलीस?" मी विचारलं. "मला कधी सांगितलं न्हाईस ते?"

"तू कधी विचारलं न्हाईस."

ही गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली. मी रोज पत्रक लिहून झालं की त्या प्रश्नावर 'होय' दाबत होते. माझी पोरगी मला रोज काहीतरी विचारत होती आणि मला ते ठाऊक नव्हतं.

एक तास अकरा मिनिटं झाली. शेवटी ती म्हणाली, "आई, तू कायसुद्धा करू नकोस. सूरजला हात लावू देऊ नकोस. मी शनिवारी येतो. बघतो काय झालंय ते."

फोन ठेवला आणि मी पहिल्यांदा अंबाडीच्या भाजीचा विचार केला. ती तिला भाकरीबरोबर आवडते. मग कॉटवरची गादी उन्हात टाकायचा विचार केला. तिसरा विचार मात्र भलताच निघाला. ती बघणार काय? लॅपटॉपला तर काहीच झालं नव्हतं.

बुधवारपर्यंत मी हे मनात ठेवलं. बुधवारी संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे रागावतील असं वाटलं होतं. पण हे चहाची बशी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "म्हणजे पोरगी मशीन दुरुस्त करायला येणार, आणि मशीन ठणठणीत."

"व्हय."

"मग मोडाय पाहिजे." माणूस फिटर आहे. असल्या कामात त्यांना शंका येत नाही.

मोडायला बसलो. ह्यांनी आधी स्क्रू कुठं आहेत ते शोधलं. मी म्हटलं, आतनं मोडायचं, बाहेरनं न्हवं, बाहेरनं मोडलं तर ती म्हणणार पाडला. मग मी पडद्यावरची चित्रं एकेक करून काढून टाकली. परत सुरू केला तर पडदा मोकळा, बाकी सगळं जागच्या जागी. एक मोठं काहीतरी काढायला गेले तर पासवर्ड मागितला. तो समताकडं. जाताना ती म्हणाली होती, "आई, तुला वापरायला सगळं ठेवलंय, मोडायला काय ठेवलं न्हाय." तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

मग समतानं एकदा दाखवलेली ती काळी खिडकी आठवली. त्यात लिहून एंटर दाबायचं, लॅपटॉप तसं करतो. मराठी कीबोर्ड होताच. मी लिहिलं:

बंद पड

त्यानं इंग्रजीत सांगितलं, असली कमांड सापडली नाही. अगदी शांतपणे. मी लिहिलं, 'मोड'. सापडली नाही. 'बिघड'. सापडली नाही.

"जरा नीट बोल की त्याच्याशी," हे म्हणाले. "आपलं काम हाय."

मी लिहिलं, 'शनिवारपर्यंत तरी बिघड'. मग, 'समता येणार आहे कृपया बिघड'. सापडली नाही. ह्यांनी माझा हात बाजूला केला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पाच मिनिटं घेऊन लिहिलं, 'मी भीमरत्न बोलतोय ऐक जरा'. फौंड्रीत पंचवीस वर्षं झालेल्या माणसाचंसुद्धा त्यानं ऐकलं नाही.

गुरुवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून सूरजच्या दुकानात गेले.

"काय झालंय मावशी?"

"कायच झालं न्हाय. तेच सांगाय आलोय. मोडून दे."

सूरजनं गिऱ्हाइकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, एवढी वर्षं दुकान चालवालोय, लोक मोडलेलं घेऊन येत्यात. मोडायला कुणी आलं न्हवतं."

मी त्याला खालच्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, विंडोज घालतो, मग समताआक्का महिनाभर इथनं हलत न्हाय. क्षणभर, खरं सांगते, माझं मन डळमळलं. महिनाभर! पण मग 'बदल जतन करायचे का' आठवलं. विंडोज घातलं की तिची ती वाक्यं जाणार. शिवाय ह्यांचा आज्जा, ती घागर. मी नको म्हटलं.

"मग भाषा बदला की," सूरज म्हणाला. "आतनं कायबी बिघडत न्हाय. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतंय सगळं गेलं." आणि बसल्या जागी, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत, त्यानं सगळं कन्नड करून दिलं.

घरी आले, उघडलं, आणि खरोखरच सगळं गेलं. आता माझं कन्नड कसं आहे ते सांगते. बोलायला फर्मास. बाजारात मला कन्नडमधून कुणी फसवू शकत नाही. वाचता मात्र येतं ते बसच्या पाटीपुरतं. चिक्कोडी, सदलगा, हुक्केरी, बेळगावी, ही अक्षरं मी लांबून ओळखते. पण पूर्ण पडदा शोधला, त्यात एकही गाव सापडेना! मंडळाचं पत्रक शुक्रवारी द्यायचं होतं, ते कुठं गेलं कळेना. एके ठिकाणी दोन बटणं होती, एक 'होय' आणि एक 'नाही' असणार, पण कुठलं कुठलं? मी अंदाजानं जरा लांबलचक दिसणारं दाबलं. जे उघडलं होतं ते मिटलं.

शेजारच्या शिवलीला आक्कांना बोलावलं. त्या कन्नड शाळेत शिकलेल्या. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ मोठ्यानं वाचली, दुसरी वाचली, आणि चष्मा काढला.

"काय म्हणतंय आक्का?"

"अय्यो वैनी, वाचलो खरं, पण हे कन्नड आमचं न्हवं. कुठलं पुस्तकातलं हाय की! आमच्यात असं कोण बोलत न्हाय."

शुक्रवारी समताचा फोन आला, रात्रीच्या बसचं तिकीट झालं म्हणून. "आता काय दिसतंय आई?"

"कायच कळेना गं," मी म्हणाले. महिन्याभरात तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य.

शनिवारी सकाळी मी आणि हे स्टँडवर तासभर आधी जाऊन उभे. ती उतरली. बारीक झाली होती. केस कापले होते, मला सांगितलं नव्हतं. (सहा मिनिटांत केसांचं कुठून सांगणार?) घरी आली, हातपाय धुतले, आणि चहासुद्धा न घेता लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मी चहा गाळायला वळले. गाळून होईपर्यंत सगळं मराठीत झालं होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की."

"एवढंच?" माझा आवाज जरा जास्तच पडला असावा. तिनं वर बघितलं.

मग ती जेवली. अंबाडी दोनदा घेतली. दुपारभर तिच्या कॉटवर आडवी पडून राहिली, आणि मी उगीचच त्या खोलीतून चार वेळा काही ना काही आणायला गेले. संध्याकाळी परत लॅपटॉप घेऊन बसली आणि खूश होऊन म्हणाली, "आई, एक लई भारी सोय करून देतो. आता मला तुझा पडदा बेंगलोरात दिसंल. कायबी झालं तरी तिथनंच दुरुस्त करतो. तुला फोनवर सांगत बसायला नको, मला यायला नको. बघ, हेच ह्या लिनक्सचं!"

"लई चांगलं झालं," मी म्हणाले आणि आत जाऊन, धुतलेली भांडी परत धुतली. हे माझ्या मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, "आता गं?" मी तेच पातेलं तिसऱ्यांदा घासायला घेतलं. स्वतः खड्डा खणून त्यात पडणारे लोक असतात. मी तर खड्डा खणायला पोरीला बेंगलोरहून बोलावलं होतं.

रविवारी दुपारी ती शेवटचं काहीतरी तपासत होती. मी मागं उभी राहून बघितलं तर काळी खिडकी उघडी. त्यात वरून खाली बऱ्याच ओळी. चष्मा माझ्याजवळ नव्हता. समता मात्र अगदी न हलता वाचत होती.

"काय गं, अजून काय बिघडलंय?"

"न्हाय," ती तोंड न वळवता म्हणाली. "आई, जरा पाणी दे प्यायला."

मी पाणी आणलं तोवर ती काहीतरी भराभर टाईप करत होती. डोळे जरा लाल वाटले. रोज पडद्याकडं बघून पोरांचे डोळे जातात, हे मी तिला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, व्हय आई.

रात्रीच्या बसनं गेली. "येतो," म्हणाली.

सोमवारी हे कागलला गेल्यावर घर इतकं मोकळं झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. तिची ताटली धुऊन वर ठेवली. गादीची सुरकुती मोडावीशी वाटेना. मग लॅपटॉप उघडला. पत्रक तसंच होतं. उघडलं, एक अक्षर जास्त टाकलं, बंद करायला गेले. 'बदल जतन करायचे का?' त्यानं विचारलं. मी 'होय' दाबलं. परत उघडलं, अक्षर काढलं. परत विचारलं. परत 'होय'. असं किती वेळ चालणार?

शेवटी काळी खिडकी उघडली. आता बिघडलं तरी ती येणार नव्हती, तिथूनच दुरुस्त करणार होती. तरी राग म्हणून, सवय म्हणून, मी लिहिलं 'बिघड' आणि एंटर दाबलं.

सापडली नाही, असं आलं नाही. पडद्यावर मराठीत उमटलं:

आई, आता बिघडायची गरज न्हाय.
ह्या खिडकीत लिवलेलं सगळं साठून ऱ्हातंय, ते मी वाचलंय. आप्पांचं पण.
हितनं पुढं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतो. अंबाडी ठेव.
मधी बोलावंसं वाटलं तर नुसता फोन कर. कायच बिघडलं न्हाय म्हणून सांगितलंस तरी मी तासभर ऐकतो.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग परत 'बिघड' लिहिलं. परत तेच आलं. अक्षर न् अक्षर तेच. मी परत परत लिहिलं. मध्येच शिवलीला आक्का डोकावल्या, त्यांना दाखवायला म्हणून लिहिलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवायला आणखी एकदा लिहिलं. त्या गेल्यावर, नीट आलं होतं की नाही ते बघायला लिहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोमवारी सकाळी अकराला! समताचा.

"आई," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू ते लिवलंस की माझ्या फोनवर टिंग वाजतंय, मी तसं करून ठेवलंय. आत्तापर्यंत चौदा वेळा वाजलं. मी मीटिंगमध्ये बसलोय. सगळे विचारालेत, कुठला सर्व्हर बंद पडलाय म्हणून. काय सांगू?"

"सांग, निपाणीचा," मी म्हणाले.

ती हसली. मागं आणखी कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. सवयीप्रमाणे मी मिनिटं बघितली.

एकसुद्धा भरलं नव्हतं.